कोचच्या दोन टाळ्या

बेथेल ब्लफ, अर्कान्सॉ
१२ फेब्रुवारी

व्हर्जिल बाळा,

फोनवर मला माणसाचं अर्धंच बोलणं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनानं भरते. त्यात माझंच नुकसान होतं, म्हणून पत्र.

टीव्हीवर पाहिलं, आपले फुटबॉलचे कोच हाल्टम गव्हर्नरच्या निवडणुकीला उभे राहिलेत. केस तेवढेच आहेत, रंग नवा दिसला. त्यांच्या मागं तू उभा होतास, हिरवा कोट घालून. बरं वाटलं. एका मोडक्या ट्रॅक्टरवर गवताची शेती सुरू केलेला पोरगा आज राज्यातल्या निम्म्या मैदानांना हिरवळ पुरवतो. आमच्या चर्चच्या अंगणातलं गवतही तूच फुकट लावून दिलंस, हे मी विसरलेले नाही.

आता कामाचं. माझा क्लीव्हन सत्तेचाळीसचा झाला. गेल्या महिन्यात सकाळी दूध आणायला म्हणून निघाला आणि तिसऱ्या दिवशी शेरीफच्या माणसांनी लिटल रॉकच्या बस अड्ड्यावरून आणून सोडला. अंगात शर्ट कुणाचा होता देव जाणे. कधी हसतो, कधी मला ओळखत नाही आणि ढकलून देतो. मी चौऱ्याहत्तरची, तो अंगानं माझ्या तिप्पट. मी खाली पडले की तोच येऊन मला उचलतो आणि रडतो.

क्लीव्हन जिथं खेळला त्या हॅरल्सन स्टेट कॉलेजनं डोक्याला मार बसलेल्या जुन्या खेळाडूंसाठी एक घर काढलंय. खोली, डॉक्टर, रात्रंदिवस माणूस. जागा थोड्या आहेत. अर्ज एक सप्टेंबरच्या आत हवा आणि सोबत लेखी कागद हवा, की मुलगा खेळताना बेशुद्ध पडला होता आणि तरी त्याला परत आत पाठवलं. सही कोचची किंवा त्यांच्या हाताखालच्या एखाद्या प्रशिक्षकाची, जो त्या वेळी मैदानाच्या कडेला हजर होता. खेळाडूंची साक्ष चालत नाही. संघाचे डॉक्टर शेल्बी तर कधीच वारले. कॉलेज म्हणतं, आमच्याकडे नोंद नाही.

तूही त्यांच्या हाताखाली होतास, पण तू तेव्हा नेहमी वर, काचेच्या खोलीत बसून टेलिफोनवरून डाव सांगायचास. म्हणजे उरले एकटे कोच. त्यांना मी तीन पत्रं पाठवली. तिन्हींना उत्तर म्हणून कोचचा तोच सही केलेला छापील फोटो आला.

ते असे नाहीत रे. क्लीव्हनला कॉलेजात न्यायला ते आमच्या घरी आले होते तेव्हा माझ्या टेबलाशी बसून दोनदा वाढून घेतलं. माझ्या बहिणीचं, अर्लीनचं, मूत्रपिंड कसं आहे ते नाव घेऊन विचारलं. एवढा मोठा माणूस, आणि अर्लीनचं नाव त्यांच्या लक्षात. तेवढ्यावर मी पोराला त्यांच्या हाती दिला. बाकी दोन कॉलेजं मागं लागली होती.

तू त्यांच्या कानावर घाल. माझ्यासाठी एवढं कर.

तुझी
ओडेसा मेफील्ड

---

स्टोकली ग्रास फार्म
२६ फेब्रुवारी

मिस ओडेसा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. क्लीव्हनचं ऐकून जेवण गेलं नाही. कोचच्या कानावर घालतो. पण त्यांचा कान सापडला पाहिजे. सध्या त्यांचं फक्त तोंड प्रवासात असतं.

तुमच्यापासून काय लपवू, हा सगळा तमाशा बघून मला शिसारी येते, आणि तरी मी त्यात हिरवा कोट घालून उभा आहे. परवा जत्रेच्या मैदानावर मासे तळून पंगत घातली होती. एका बाईनं उठून विचारलं, "आमच्या तालुक्याचं हॉस्पिटल बंद पडलं. बाळंतपणाला सत्तर मैल जावं लागतं. तुम्ही काय करणार?"

कोच म्हणाले, "ताई, एक गोष्ट सांगतो. शेवटची तीन मिनिटं होती. एकच डाव शिल्लक, चेंडू आपल्याकडे राखायला सात यार्ड हवेत. सगळे म्हणाले, चेंडू लांब लाथाडून समोरच्यांना द्या. मी म्हटलं, नाही. माझी पोरं सात यार्ड काढतील."

लोकांनी टाळ्या पिटल्या. ती बाई उभीच. शेजारच्यानं तिला कोट धरून खाली बसवली. हॉस्पिटलला सात यार्ड, शाळेला सात यार्ड, पुराला सात यार्ड. फेब्रुवारीत मी ती गोष्ट एकोणीस वेळा ऐकली. यार्ड अजून सातच आहेत, बचाव करणारे मात्र दर वेळी दोन इंचांनी उंच होतात.

मग शेवटी त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या. सरावाच्या वेळी वाजवायचे तशा, आठवतं? दोन टाळ्या पडल्या की पोरांनी जिथं असतील तिथं वाकायचं, एक हात जमिनीला, मान वर. तर मंडपातली पन्नाशी ओलांडलेली, पोटं सुटलेली सहा माणसं खरंच वाकली. हॅरॉल्ड बिशपची पँट मागून फाटली. आता तो मालमत्ता कराचा अधिकारी आहे. लोक हसून लोळले. मीही हसलो. घरी येताना गाडीत मात्र मला माझंच तोंड आरशात बघवेना.

हा माणूस अकरा वर्षांत चार कॉलेजं फिरला. प्रत्येक ठिकाणी 'हे माझं शेवटचं घर' म्हणाला. आपल्याकडून गेला त्या सकाळी पोरांसमोर डोळे पुसत भाषण केलं, की अफवांवर विश्वास ठेवू नका. त्यांच्या घरचे पडदे आदल्या दिवशीच उतरवले होते. शिडी मीच धरली होती.

असो. तुमचं काम वेगळं. मी बघतो. घाई करू नका.

तुमचा
व्हर्जिल

---

बेथेल ब्लफ
९ मार्च

व्हर्जिल,

घाई मी करत नाही, तारीख करते आहे.

शिडीचं मला माहीत नव्हतं. सांगितलंस ते बरं केलंस. क्लीव्हन त्या दिवशी मला फोन करून म्हणाला होता, "मॉमा, कोच रडले, म्हणजे ते नक्की राहणार."

ओडेसा

---

स्टोकली ग्रास फार्म
१४ एप्रिल

मिस ओडेसा,

जमलं. कोच तुमच्या घरी येणार, १२ मेला, शनिवारी दुपारी.

खरं सांगतो, ते तुमच्या पत्रांमुळे येत नाहीत. प्रचाराच्या माणसांना टीव्हीवरची जाहिरात करायची आहे. 'कोच एका आईच्या टेबलाशी परत आले', असं काहीतरी. चार नावं होती. दोघी वारल्या, तिसरीनं कुत्रं सोडीन म्हणून सांगितलं. मी तुमचं नाव पुढं केलं आणि अट घातली, की जेवण झाल्यावर कागदावर सही. कोच म्हणाले, "अरे, ओडेसासाठी काहीही." कागद मी टाईप करून घेतलाय, एकच पान. तुमच्याकडे ठेवा.

त्यांची एक विनंती आहे. तेव्हा जे वाढलं होतं तेच करा. तळलेला कॅटफिश, डुकराच्या हाडकांत शिजवलेली पालेभाजी, मक्याचा पाव, रताळ्याचा केक. तुम्ही म्हणाल, यांना एवढं बरं आठवतं. आठवतं खरं.

मला त्या दिवशी मेम्फिसला जावं लागतंय, स्टेडियमच्या गवताचं काम आहे. नाहीतर आलोच असतो.

व्हर्जिल

---

बेथेल ब्लफ
२० मे

व्हर्जिल,

मेम्फिसचं काम झालं असेल अशी आशा आहे.

मी सकाळी चारला उठून भाजी चढवली. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली, तरी त्या दिवशी मीठ तीनदा चाखून बघितलं. क्लीव्हनला दाढी करून दिली, निळा शर्ट घातला. त्याला सांगितलं, कोच येताहेत. दिवसभर तो खिडकीशी उभा होता, जेवला नाही.

ते आले दोन तास उशिरा, आठ माणसं घेऊन. त्या माणसांनी माझी भिंतीवरची तसबीर काढून दुसरीकडे लावली. उजेड पडत नाही म्हणे. मग कोच आत आले, दोन्ही हात पसरून.

"मिस ओडेसा, हा वास. या वासासाठी मी तीस वर्षं उपाशी आहे."

बसले. दोनदा वाढून घेतलं. मासा तोंडात घालायचे, कॅमेरा बंद झाला की कागदी रुमालात काढायचे. मी बघितलं. डॉक्टरांनी तळकट बंद केलंय, असं एका पोरीनं मला नंतर सांगितलं.

मग म्हणाले, "आणि अर्लीन कशी आहे? तिचं मूत्रपिंड आता बरं आहे ना?"

अर्लीनला जाऊन बावीस वर्षं झाली. मी पाव पुढं सरकवला. मला वाटलं, वय झालंय त्यांचं.

मग म्हणाले, "रूबेन कुठं आहे? गळ टाकायला गेलाय वाटतं. त्याला सांगा, पुढच्या खेपेला मी येणार त्याच्याबरोबर."

माझ्या नवऱ्याच्या, रूबेनच्या, प्रेतयात्रेला त्यांचं फुलांचं चक्र आलं होतं, व्हर्जिल. पट्टीवर त्यांचं नाव होतं. पंधरा वर्षं मी ती पट्टी जपून ठेवली आहे.

क्लीव्हन त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत. त्याच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आणि हे भाऊसाहेब कोण?"

क्लीव्हननं आपल्या जर्सीचा आकडा सांगितला, "त्रेसष्ट नंबर, सर."

कोच म्हणाले, "वा, वा." आणि मग त्या कॅमेऱ्यावाल्या पोराकडे बघून दोन टाळ्या वाजवल्या.

माझा मुलगा खुर्ची पाडून उठला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर वाकला. एक हात जमिनीला, मान वर. सगळे हसले, कौतुकानं. तो तसाच राहिला. त्याला उठायचं कधी ते कुणी सांगितलंच नाही. कॅमेऱ्यावाला म्हणाला, "पुन्हा एकदा घेऊ या का? पहिल्या वेळी टेबलाचा पाय मध्ये आला." पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदाही घेतलं. तिसऱ्या वेळी त्याच्या नाकातून पाणी गळत होतं आणि गुडघा थरथरत होता. मी मध्ये जाऊन उभी राहिले, तेव्हा थांबले.

कागद पुढं केला. त्यांनी वाचला, डाव्या हातानं घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. "वकिलांना दाखवतो, मिस ओडेसा. माझा शब्द आहे." माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले.

ते गेल्यावर मी रताळ्याचा केक कोंबड्यांना घातला.

त्यांचा शब्द तर मी ऐकला. तुला काय ठाऊक आहे ते मला ऐकायचं आहे. अर्लीनचं त्यांनी तीस वर्षांनी त्याच शब्दांत कसं विचारलं?

ओडेसा

---

स्टोकली ग्रास फार्म
८ जून

मिस ओडेसा,

झालं ते वाईट झालं. कोच थकलेत, दिवसाला चार सभा असतात. अशात माणसाचं नावांचं थोडं पुढंमागं होतं. अर्लीनचं त्यांच्या मनात राहून गेलं असेल, दुसरं काय. कागद वकिलांकडे आहे, मी मागं लागलोय. काळजी करू नका.

क्लीव्हनसाठी हॅम पाठवतोय.

व्हर्जिल

---

बेथेल ब्लफ
१९ जुलै

व्हर्जिल स्टोकली,

जाहिरात लागली. रोज सहाच्या बातम्यांआधी लागते. माझं बोलणं कापलंय. माझे हात दिसतात, मासा दिसतो, आणि मग क्लीव्हन वाकलेला. वर कोचचा आवाज: "माझी पोरं आजही माझ्या एका इशाऱ्यावर तयार असतात." चर्चमध्ये सिस्टर वॉटकिन्स मला म्हणाली, "ओडेसा, तुमचा क्लीव्हन किती छान दिसतो गं टीव्हीवर." ती जाहिरात लागली की क्लीव्हन टीव्हीसमोर वाकतो. मी संध्याकाळी टीव्हीची वायर काढून ठेवते.

हॅम मिळाला. कुत्र्यानं खाल्ला. आमच्याकडे कुत्रं नाही, शेजाऱ्याचं बोलावलं.

मे महिन्याच्या पत्रात मी तुला एक गोष्ट मुद्दाम लिहिली नव्हती. तू स्वतः सांगतोस का ते बघायचं होतं. कोच उठून गेल्यावर मी ताट उचललं, तर खाली एक जुनं पिवळं कार्ड होतं. जेवताना खाली बघत होते ते मला वाटलं देवाचं नाव घेताहेत. कार्डावरचं उतरवून देते:

"मेफील्ड, ओडेसा. शाळेत स्वयंपाकीण. बहीण अर्लीन, मूत्रपिंड, नाव घेऊन विचारा. नवरा रूबेन, मासेमारी. दोनदा वाढून घ्या. मुलगा आईचं ऐकतो, वडिलांचं नाही. पैशाची भाषा नको. शब्द द्या. बाई शब्दावर विश्वास ठेवते."

अक्षर कोचचं नाही. ज्या अक्षरात 'काळजी करू नका' लिहिलेलं पत्र माझ्यासमोर पडलंय, तेच अक्षर आहे.

आज एकोणीस जुलै. पुढचं तू लिही.

ओडेसा मेफील्ड

---

स्टोकली ग्रास फार्म
१७ ऑगस्ट

मिस ओडेसा,

महिनाभर लिहायला बसायचो आणि उठायचो. आता सरळ लिहितो.

कार्ड माझंच. मी एकोणतीस वर्षांचा होतो, खेळातलं मला बेताचंच कळायचं, पण कान तीक्ष्ण होते. कोचनी ते ओळखलं. एखाद्या गावातला मुलगा हवा असला की मी दोन दिवस आधी जायचो. न्हाव्याकडे बसायचो, चर्चच्या जेवणात वाढायला लागायचो. अर्लीनचं मला तुमच्याच शाळेच्या मागच्या दारी कळलं. तुम्ही भांडी घासणाऱ्या बाईला सांगत होता आणि रडत होता. मी दूधवाल्याशी बोलत उभा होतो. कोच गाडीत कार्ड वाचायचे आणि दारात पोचेपर्यंत त्यांचा चेहरा तसा व्हायचा. अशी चारशे कार्डं होती. मोठ्या कॉलेजांकडे पैसा होता, आमच्याकडे माझे कान होते. मला त्याचा अभिमान वाटायचा.

ती पेटी मीच जानेवारीत प्रचाराला दिली. प्रत्येक कार्डावर एक आई आहे आणि तिचं सगळं घर मत देतं. आयांना फोन केले, पण त्यांच्या घरचं कोण मेलं, कोण जिवंत, हे तपासायचं कुणाला सुचलं नाही. कोचना तर नाहीच. कार्ड शिळं होतं हे त्यांच्या गावीही नाही. फुलांचं चक्रही मीच पाठवलं होतं, त्यांच्या नावानं. ती पट्टी काढून टाका.

तुमच्या घरी आलो नाही कारण मेम्फिसला काम नव्हतं. मी घरीच बसून होतो.

आता उरलेलं. तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलंत, की मी वर काचेच्या खोलीत होतो. मी तुमची चूक दाखवली नाही. नेहमी मी वरच असायचो. पण त्या सामन्यात मधल्या सुट्टीत वरचा टेलिफोन बंद पडला आणि उरलेल्या अर्ध्या खेळासाठी मी खाली आलो. क्लीव्हन पडला तेव्हा मी त्याच्यापासून चार हात लांब होतो. डोळे उघडे होते, पण त्यात तो नव्हता. डॉक्टर दुसऱ्या एकाचा खांदा बसवत होते. अमोनियाची कुपी मी त्याच्या नाकाशी धरली. मी दोन बोटं वर केली, किती म्हणून विचारलं. तो म्हणाला, "सात."

मी कोचना सांगितलं, "सात म्हणतोय."

कोच म्हणाले, "हुशार पोरगा आहे. सातच यार्ड हवेत. पाठव आत."

मी हसलो, मिस ओडेसा. मी हसलो, त्याच्या हेल्मेटवर थाप मारली आणि त्याला आत ढकललं. त्यानं समोरच्यांना रेटून वाट केली आणि चेंडू घेऊन पळणारा त्याच्याच पाठीमागून गेला. ते सात यार्ड हेच. तेच राज्यभर फिरताहेत. कोच सही करणार नाहीत याचं कारणही तेच. त्या कागदावर सही केली की त्यांच्याकडे सांगायला एकही गोष्ट उरत नाही.

गेल्या मंगळवारी मी त्यांच्या कचेरीत जाऊन समोर बसलो. म्हटलं, "कोच, ओडेसाबाईंचा कागद."

"कोण ओडेसा?"

"कॅटफिश."

"हां. व्हर्जिल, नोव्हेंबरनंतर बघू. आणि स्टेडियमचं गवत तुझंच आहे ना अजून? छान आहे हो. छानच राहू दे."

एवढंच. आवाज चढवला नाही, पाठीवर हात ठेवला. तो हात मला अजून पाठीवर चिकटल्यासारखा वाटतो. गोठ्यातल्या पिंपात अंघोळ केली तरी जात नाही. आणि नुसती कोचचीच किळस आली असती तर सोपं होतं.

सोबत कागद आहे. सही माझी. मैदानाच्या कडेला मी हजर होतो, बेशुद्ध मुलाला मी आत पाठवलं, कोणाच्या सांगण्यावरून तेही लिहिलंय, सातचा आकडाही. कोर्टातल्या बाईसमोर शपथ घेऊन सही केली आहे. एक प्रत कॉलेजला मी स्वतः देऊन आलो. दुसरी वर्तमानपत्राला दिली. ते छापतील का नाही माहीत नाही. कॉलेजच्या माणसानं कागद वाचून विचारलं, "मि. स्टोकली, याचा परिणाम तुम्हाला समजतो ना?" मी म्हटलं, "मला सत्तावीस वर्षं समजतोय."

माफी मागत नाही. मागायचा हक्क असता तर फेब्रुवारीत मागितली असती.

व्हर्जिल

---

बेथेल ब्लफ
२५ नोव्हेंबर

व्हर्जिल,

क्लीव्हनला जागा मिळाली. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सोडून आले. खिडकीतून तळं दिसतं. पहिला आठवडा त्यानं रोज स्वतःचीच बॅग माझी म्हणून भरून दाराशी ठेवली, त्याला वाटायचं मीच तिथं राहायला आले आहे. आता सकाळी बदकांना पाव घालतो. तिथला एक माणूस त्याला 'मि. मेफील्ड' म्हणतो. घरी मी सात तास सलग झोपले, आणि जागी झाल्यावर घर रिकामं बघून रडले.

कोच निवडून आले. तू वर्तमानपत्राला दिलेलं आतल्या पानावर चार ओळींत आलं, ट्रॅक्टरच्या जाहिरातीखाली. सिस्टर वॉटकिन्सनं ते कापून आणून दिलं. लोकांनी वाचलं आणि तरी मत दिलं. आमच्या चर्चमधल्याही काहींनी. त्यांची नावं मला ठाऊक आहेत. पुढच्या पंगतीत त्यांना भाजी कमी वाढीन, त्यापलीकडे माझ्या हातात काही नाही.

स्टेडियमवर आता दुसऱ्याचं गवत आहे असं ऐकलं. पिवळं पडलंय, हेही ऐकलं.

काल नव्या गव्हर्नरसाहेबांच्या कचेरीतून जाड कागदावर पत्र आलं. जेवणाबद्दल आभार. खाली, "रूबेन आणि अर्लीनला माझा नमस्कार." मी ते कबरींवर नेऊन वाचलं नाही. त्या दोघांनी माझं बरंच ऐकून घेतलंय, एवढं कशाला.

तू विचारलं नाहीस, पण सांगते. मी तुला माफ केलेलं नाही. दूधवाल्याशी बोलत उभा होतास त्यासाठी जास्त, हेल्मेटवर थाप मारलीस त्यासाठी त्याहून जास्त. पण क्लीव्हन ज्या पलंगावर झोपतो तो तुझ्या सहीवर उभा आहे, हेही खरं. दोन्ही मी एकाच ताटात ठेवते आहे, एकमेकांना लागू देत नाही.

भेटीचा वार रविवार, दोन ते चार.

तुझं कार्ड परत पाठवते आहे. मागची बाजू कोरी होती, ती मी भरली आहे. जाण्याआधी गाडीत बसून वाच, तुमची तीच पद्धत होती ना.

ओडेसा

*(कार्डाची मागची बाजू)*

स्टोकली, व्हर्जिल. गवतवाला. कान चांगले, तोंड उशिरा उघडतं. शब्द घेऊ नका, लिहून घ्या. हॅम नको. बदकांसाठी शिळा पाव आणणे. मुलगा ओळखणार नाही, त्याला 'मि. मेफील्ड' म्हणणे. अर्लीनचं काही विचारू नये. समोर बसावं, तो काय सांगतो ते ऐकावं, आणि काहीही झालं तरी त्याच्यासमोर टाळी वाजवू नये.